घासायचं की रंगवायचं?

(सकाळचं तिरपं ऊन. कॅमेरा बॉनेटच्या अगदी जवळ, हळूहळू टपाकडे सरकतो.)

दहा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली ही गाडी. मूळ रंग गडद लाल. आज बॉनेटकडे पाहिलं तर लाल म्हणावं की विटकरी, कळत नाही. टपावर पांढरट चट्टे पडलेत आणि त्यांच्या कडा उन्हाने सोललेल्या कातडीसारख्या उचलल्या आहेत. दारं त्या मानाने बरी. निस्तेज झालीत, त्यांच्यावर बारीक रेघांचं जाळं आहे, पण रंग जागेवर आहे.

मालकाला एवढंच ठरवायचंय की पॉलिशवर भागेल की नवा रंग मारावा लागेल. आपण रंगाकडे वरून पाहतो. या प्रश्नासाठी मात्र तो कडेने, थराथराने पाहावा लागतो.

पत्र्यावर सर्वांत आधी गंजरोधक थर असतो. गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून, विजेच्या मदतीने तो बसवलेला असतो. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं. माणसाचा एक केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक हे सगळं जे झेलतं, ते जेमतेम दोन केसांइतकं जाड आहे. त्यातला क्लिअर कोट तर 35 ते 50 मायक्रॉनच. सूर्याचे अतिनील किरण शोषणारी द्रव्यं मुख्यतः याच थरात असतात.

(पॉलिशिंग मशीन दारावर फिरतंय. पॅडच्या कडेला पांढरी पेस्ट.)

आता पॉलिश म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. पॉलिशने चरा भरत नाही. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून चरा दिसेनासा होतो. जाड कंपाउंडने, म्हणजे खरखरीत पॉलिशने, एका वेळी दोन-चार मायक्रॉन जातात, बारीक पॉलिशने त्याहून कमी. एकदा-दोनदा काहीच बिघडत नाही. पण दर वर्षी मशीन लावून घेतलं, तर जो थर उन्हापासून वाचवतो तोच आपण आपल्या हाताने पातळ करत जातो.

घरातली जाणती माणसं अजूनही सांगतात, ‘रबिंग मारून घे, नव्यासारखी होईल.’ हा सल्ला एका काळी अगदी खरा होता. क्लिअर कोटची पद्धत रुळली ती 1980च्या दशकापासून. त्याआधी बहुतेक गाड्यांवर एकाच जातीचा रंग वरपासून खालपर्यंत असे. वरचा मेलेला पापुद्रा घासला की खालून तोच रंग ताजा निघायचा आणि फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. आजच्या गाडीवर घासताना फडक्यावर रंग आला, तर हात तिथेच थांबवा. क्लिअर कोट संपलाय.

(बॉनेटवर पाण्याचा मग ओतला जातो.)

हे पाहा. पाणी पडताच बॉनेट पुन्हा गडद लाल झालं. मालकाच्या चेहऱ्यावर आशा उमटली, आणि ती अगदी स्वाभाविक आहे. चरा वरवरचा आहे का, हे पाहायला ओलं करून बघणं उपयोगी पडतं. पण मरत चाललेल्या क्लिअर कोटच्या बाबतीत पाणी फसवतं. थराला पडलेल्या सूक्ष्म भेगा पाण्याने तात्पुरत्या भरतात, एवढंच. तेलकट पॉलिशही हेच करतं. चार धुण्यांनंतर तो पांढुरकेपणा जसाच्या तसा परत येतो.

मग खात्री कशी करायची? नख चऱ्यावरून आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, पॉलिशने तो पुरता जाणार नाही. कुठे रंगाला फुगवटा आला असेल, तर गंज खालून वर येतोय. तिथे वरून कितीही चमकवलं तरी उपयोग नाही, पत्र्यापर्यंत साफ करावंच लागतं.

आणि जाडी मोजून घ्या. गेज पॅनेलला टेकवलं की आकडा दिसतो. या गाडीच्या पुढच्या दारावर 118 आला. टपावर 96. मागच्या डाव्या दारावर मात्र 410. तिथे पूर्वी कधीतरी दुसरा रंग चढलाय, बहुधा खाली पुट्टीही आहे. एक लक्षात ठेवा, हा आकडा सगळ्या थरांचा मिळून असतो. त्यातला क्लिअर कोट किती उरलाय, हे साधं गेज सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही.

म्हणून सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे वीतभर जागेवर करून पाहणं. आधी गाडी स्वच्छ धुवायची, क्ले, म्हणजे मऊ चिकणमातीसारखी वडी, फिरवून चिकटलेले कण काढायचे, मग सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात करायची. शेवटी अल्कोहोलने पुसायचं, म्हणजे तेलाचा मुलामा निघून खरं काय ते दिसतं. कडा आणि उठावाच्या रेषा टाळायच्या, तिथे रंग मुळातच पातळ असतो.

(दोन चौकोन शेजारी शेजारी. एक दारावर, एक बॉनेटवर.)

दारावरचा चौकोन आरशासारखा निघाला. बॉनेटवरच्या चौकोनात दुधाळ ठिपके तसेच राहिले.

टप आणि बॉनेट रंगवायलाच हवेत. पण संपूर्ण गाडी रंगवू नये, असं मला मनापासून वाटतं. कारखान्यात रंग सुमारे 140 अंश सेल्सिअसला भाजला जातो, तेव्हा गाडीत ना वायरी असतात ना सीट. जोडलेल्या गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही. गॅरेजचा रंग हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, मिसळून 60 अंशांच्या आसपास वाळवतात. चांगल्या हातांनी केलेलं ते काम वर्षानुवर्षं टिकतं, पण जो मूळ थर शाबूत आहे तो खरवडून काढायला कारण नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. श्वासावाटे गेलं तर दमा जडू शकतो. रंग मारणाऱ्याच्या तोंडावर नुसता रुमाल दिसला, तर कामाच्या दर्जाआधी त्या माणसाची काळजी वाटायला हवी. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

रंग जुळवताना गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड ही फक्त सुरुवात असते. दहा वर्षांत लाल उतरलेला असतो. म्हणून पेंटर आधी पत्र्याच्या तुकड्यावर फवारून उन्हात गाडीशेजारी धरून पाहतो. शेजारच्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, नवा रंग विरळ करत नेतो आणि क्लिअर पूर्ण फेंडरवर मारतो, म्हणजे सांधा दिसत नाही.

इथे क्रमही महत्त्वाचा. आधी दारं आणि फेंडर पॉलिश करायचे, मगच रंग जुळवायचा. उलट केलं, तर नवा रंग मळकट दारांशी जुळवला जाईल आणि दारं चमकली की बॉनेट वेगळं उठून दिसेल.

(शेवटचं दृश्य. मास्किंगचा कागद निघतो. नव्या टपावर ढगांचं प्रतिबिंब.)

टप आणि बॉनेट नवे, बाकी गाडी बहुतांशी कारखान्याच्याच रंगात. पूर्वी रंगवलेल्या डाव्या मागच्या दाराला पॉलिशचा हलकासा हात, तेवढाच. नव्या रंगावर महिनाभर वॅक्स लावायचं नाही, आतला द्रावक उडून जायला वेळ लागतो. आणि कोरडी धूळ फडक्याने पुसायची नाही, आधी पाणी. दारांवरचं ते रेघांचं जाळं पडलं होतं, ते त्या कोरड्या फडक्यानेच.