भात आता तोंडी लावायला

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी काहींची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, काहींची ठरली आहे. त्यांच्यासोबत आई, बायको, नवरा, सासूबाई आल्या आहेत. मी आहारतज्ज्ञ म्हणून आज मुख्यतः या सोबत आलेल्यांशी बोलणार आहे, कारण घरात काय शिजतं आणि ताटात काय आधी पडतं, हे बहुतेक वेळा तेच ठरवतात.

आत काय बदललं ते आधी सांगते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक बरंचसं त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने अनेकांना भूकच लागत नाही. दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपासचा (हृदयाचा बायपास वेगळा); त्यात जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी ठेवतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः जिथे शोषलं जातं, तो आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला जातो.

म्हणजे जागा दोन घासांची, आणि शरीराची प्रथिनांची गरज मात्र दिवसाला किमान ६० ग्रॅम, पुष्कळांना ८० पर्यंत. ती भागली नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काट्यावर आकडा उतरलेला दिसतो, घरचे खूश होतात, आणि माणसाला जिना चढवत नाही.

पहिल्या आठवड्यांचा तक्ता तुम्हाला रुग्णालयातून मिळतोच: आधी नितळ पातळ, मग दूध-ताक, मग घोटलेलं, मग मऊ, आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण. तो जसाच्या तसा पाळा. मला फक्त एक गोष्ट घालायची आहे. आजारी माणसाला वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, साबुदाण्याची खीर द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. प्रेमाने देतो आपण. पण डाळीचं बहुतेक प्रथिन खाली बसलेल्या डाळीत राहतं, आणि पेज-साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. घोटलेलं खायची परवानगी मिळाली की डाळ घट्ट शिजवून, घोटून, गाळून द्या. पाणी वेगळं काढू नका.

आता ताटाकडे येऊ. आपण भाताचा ढीग वाढतो आणि त्यावर वरण ओततो. पोळी पोटभर, उसळ तोंडी लावायला. हे उलटं करायचं आहे. आधी घट्ट वरण, उसळ, पनीर, अंडं, मासा किंवा चिकन खायचं; मग भाजी, कोशिंबीर; आणि जागा उरलीच तर भात तोंडी लावायला. घरच्यांना हे बघवत नाही. "अगं, पोळी तरी खा" असं दहादा म्हटलं जातं. पण पोळीने ती जागा भरली, तर त्या जेवणातलं प्रथिन गेलं.

हिशोब बघा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात ६ ते ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, घट्ट डाळीच्या वाटीत ६ ते ७, २० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांमध्ये १०. शाकाहारी माणसाने दूध, पनीर, डाळ, सोयाबीन, वर वाटीभर चक्का एवढं सगळं खाल्लं, तरी गाडी ४० च्या आसपास थांबते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत प्रोटीन पावडर लागते. ती घेण्यात काही कमीपणा नाही.

मऊ ताजी पोळी आणि पाव नीट चावले नाहीत तर गोळा होऊन अडकतात. छातीत दाटतं, तोंडात फेसाळ लाळ सुटते. कडक भाजलेला फुलका किंवा भाकरीचा पापुद्रा अनेकांना सोसतो. घास लहान, जेवण वीस-तीस मिनिटांचं. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. शेवटी ताक प्यायची सवय असेल तर ते ताक मधल्या वेळेला न्या. दिवसभरात दीड लिटर तरी पातळ पोटात जायला हवं, पण घोट-घोट.

आग्रहाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बायपास झालेल्याला बासुंदी, जिलेबी वाढून "एवढ्याने काय होतंय" म्हणू नका. खरंच होतं. साखर वेगाने आतड्यात उतरते, दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब सुरू होऊ शकतात. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम उतरते आणि चक्कर येते. याला डम्पिंग म्हणतात.

दुसऱ्या वर्षात वेगळाच धोका असतो. भूक परत येते, आणि चिवडा, शेव, चहाबरोबरची बिस्किटं हळूहळू दिवसभर चालू होतात. ती तोंडातच विरघळतात, पोट भरल्याचं कळत नाही, आणि वजन चढू लागतं. उपवासही तपासा. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन काढलेली एकादशी म्हणजे जवळपास प्रथिनाविना गेलेला दिवस. उपवास मोडवत नसेल तर दूध, दही, पनीरवर करा. निर्जळी मात्र अजिबात नको.

गोळ्या आयुष्यभराच्या. कॅल्शियम सायट्रेट, दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एकदम नाही, दोन-तीन वेळा विभागून. लोह त्यापासून किमान दोन तास लांब, आणि चहाबरोबर तर नकोच. शाकाहारी माणसांत बी-१२ शस्त्रक्रियेआधीच कमी निघतं, म्हणून ते तपासून घ्या. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळले तर घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. पण तेवढ्यात प्रथिन आणि लोह पुरेसं जातंय ना, ते पाहा.

एका गोष्टीत मात्र थांबून चालत नाही: सततची उलटी. दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल, तर "शस्त्रक्रियेनंतर असं होतंच" म्हणून घरी बसू नका. बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो. मग एकाचे दोन दिसू लागतात, तोल जातो, माणूस गोंधळतो, आणि उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते. त्याच दिवशी रुग्णालयात जा, शस्त्रक्रिया झाल्याचं सांगा, आणि ग्लुकोजचं सलाइन लावायच्या आधी बी-१ चं इंजेक्शन देणार ना, हे स्वतः विचारा.