चार पिढ्यांचा कागद

(दृश्य : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा घाट, मलप्रभेवर धुकं. मग एका घराचा सोपा. जमिनीवर पसरलेला मोठा कागद, पेन्सिल धरलेला हात.)

घराण्याचा वंशवृक्ष काढायचा. आधी चौकोन. चौकोन म्हणजे पुरुष. शेजारी गोल, ती बाई. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे लग्न, आणि तिच्याखाली उतरणाऱ्या रेघा म्हणजे मुलंबाळं. ज्याला आजार झाला त्याचा चौकोन काळा भरायचा. जो वारला त्याच्यावर तिरकी रेघ. घरच्यांनी चेहरे दाखवू नका म्हणून सांगितलं. त्यामुळे तुम्हाला हात दिसतील, कागद दिसेल.

कागद ज्याच्यासाठी आहे तो नातू चोवीस वर्षांचा. गेल्या सुगीत आठ-दहा रात्री तो जेमतेम तास-दोन तास झोपला. भात खळ्यावर तसंच टाकून नंदगडच्या बाजारात उधारीवर सामान भरत सुटला. शिमग्यानंतर अंथरूण धरलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं : बायपोलर, द्विध्रुवी विकार. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला नैराश्य. मधल्या काळात अगदी नेहमीचा माणूस.

(दृश्य : आज्जीचे हात, सुपात तांदूळ.)

"आज्जी, घरात आणखी कुणाला मानसिक आजार?" समाजसेविका विचारते. आज्जी म्हणते, नाही. सूप चालू राहतं.

समाजसेविका पेन्सिल खाली ठेवते. तिला कन्नड येतं, मराठीही येतं. ती पुन्हा विचारते. "असं कोण होतं का, की रात्र-रात्र झोपायचं नाही, लई बोलायचं, पैसा उधळायचं, आणि मग महिनाभर कुणाशी बोलायचंच नाही?"

सूप थांबतं. "मग माझा थोरला दीर. भजनाला बसला की तीन-तीन रात्री उठायचा नाही. हुच्च म्हणायचे त्याला, म्हणजे येडा."

एक चौकोन काळा होतो.

पहिला प्रश्न फॉर्मातला होता, दुसरा घरातला. आमच्या भागात केस पेपर कन्नडमध्ये, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत, आणि दुखणं मराठीत असतं. घराण्यात हा आजार कुठे कुठे होता, हे दवाखान्यात घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीवरूनच कळतं. ती हकिकत आपल्या भाषेत विचारली गेली नाही, तर कागद कोराच राहतो.

(दृश्य : पेन्सिल दोन समांतर रेघा ओढते. क्लोज-अप.)

ही दुहेरी रेघ म्हणजे नात्यातलं लग्न. नातवाच्या वडिलांनी मामाची मुलगी केली, म्हणजे आज्जीच्या भावाची. इथे ही रीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नात्यातल्या लग्नामुळे एकाच जनुकामुळे होणाऱ्या काही आजारांची शक्यता वाढते, हे पक्कं आहे. बायपोलरचा हिशेब तितका सरळ नाही.

शास्त्रज्ञांनीही आधी तो सरळच मांडून पाहिला होता. १९८७ साली अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या समाजातल्या एका मोठ्या घराण्याचा असाच वंशवृक्ष काढून, आजाराचं मूळ अकराव्या गुणसूत्रावर सापडल्याचं जाहीर झालं. पुढे त्याच घराण्यातल्या आणखी माणसांची तपासणी झाली. आधी निरोगी असलेल्या दोघांना मधल्या काळात आजार झाला होता. १९८९ मध्ये तो दावा टिकला नाही.

(दृश्य : कणकुंबी, पावसाळा. माउलीच्या देवळाजवळचा उगम. डोंगरउतारावरचे ओहोळ.)

मलप्रभा इथे उगम पावते. पण खानापुरात पूर येतो तो एकट्या या झऱ्याचा नसतो. वाटेत किती ओहोळ मिळतात, कुणी मोजत नाही.

बायपोलरचे ओहोळ मात्र मोजायला घेतले गेले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,५८,०३६ रुग्णांच्या जनुकसंचाची तुलना सुमारे २८ लाख निरोगी माणसांशी केली. आजाराशी संबंधित २९८ जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी लहान. त्या अभ्यासात युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो वंशाची माणसं होती. दक्षिण आशियातली आपली माणसं त्यात नव्हती, आणि हे मला बोचतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत, एकाच घरातल्या दोन किंवा अधिक जवळच्या नातलगांना असे आजार आहेत अशा कुटुंबांचा अभ्यास चालू आहे. आमच्या सीमाभागातल्या घरांनीही तिथे पोचायला हवं.

म्हणजे रक्तातून येतं का? येतं, पण आजार येत नाही, कल येतो. अगदी सारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास भरतं. सगळं जनुकांवरच असतं, तर ते शंभर असतं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल, तर शंभरात साधारण पाच ते दहा जणांना होतो. बाकीच्या नव्वद-पंचाण्णवांना होत नाही. कुणाला होणार हे आधीच सांगणारी रक्ताची तपासणी आजही नाही.

(दृश्य : अंगणात दोरीवर वाळणारे कपडे. बहिणीचा पाठमोरा शॉट.)

चंदगडकडून आलेलं बहिणीचं स्थळ परत गेलं.

(दृश्य : कागदाचा उजवा कोपरा. एक गोल, त्यावर तिरकी रेघ. आज्जीचं बोट.)

ही आत्या.

(दृश्य : तालुका दवाखाना. बाकांवर माणसं. मग कागद डॉक्टरांच्या टेबलावर.)

मंगळवार. कागद टेबलावर उलगडतो तेव्हा डॉक्टर आधी एका चौकोनावर बोट ठेवतात. नातवाचा मामा. गोव्यात कामाला असतो. गेली अकरा वर्षं तो लिथियम घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासून घेतो, आणि कामावर जातो. हे आज्जीला माहीत होतं. त्याचं लग्न ठरायचं होतं, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

औषध म्हणून देतात ते लिथियम हा एक साधा क्षार आहे. उन्मादावर तो वापरून पाहिल्याचा अनुभव जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने १९४९ साली प्रसिद्ध केला. हे औषध लागू पडण्याचा गुणही बऱ्याचदा घराण्यात चालतो. शिवाय, हा आजार अनेकदा आधी नैराश्याचं रूप घेऊन येतो. तेव्हा नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर उन्माद उसळू शकतो. जवळच्या नात्यात बायपोलर आहे हे डॉक्टरांना ठाऊक असेल, तर ते जपून पावलं टाकतात. मामाबद्दल कुणी शिमग्यातच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नातवाला लिथियम सुरू झालं. आधी किडनी आणि थायरॉईडची तपासणी, मग पाच-सहा दिवसांनी रक्तातल्या लिथियमच्या प्रमाणाची.

(दृश्य : बस स्टँड. लाल बस, धारवाडची पाटी. आज्जीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी.)

पिशवीत रेशन कार्ड, आधार, आणि चार घड्या घातलेला कागद आहे. आज्जी कंडक्टरला दोन तिकिटं मागते. मग पिशवी उघडते, कागद बाहेर काढते आणि नातवाला म्हणते, "माझ्या आईचं राहिलंच की रे सांगायचं."