माठातलं गार

(नागपूर. मे महिन्यातली दुपार. घराची पडवी. तिवईवर लाल माठ, शेजारी स्टीलचा हंडा.)

सकाळी सात वाजता एकाच नळाचं पाणी या दोन भांड्यांत भरलं. आता दोन वाजलेत. हंड्यातलं पाणी हाताला चक्क ऊन लागतंय. माठातलं गार आहे.

मुद्दामच 'गार' म्हणतोय. थंडगार, गार, कोमट, ऊन, कढत, आधणाचं... पाण्यासाठी मराठीत इतके शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा अंश वेगळा. फ्रिजमधलं ते थंड, माठातलं ते गार, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. या दोन शब्दांमध्ये वीसेक अंशांचं अंतर आहे. उन्हाळ्यात माणूस किती पाणी पितो, हे बरंचसं त्या अंतरात ठरतं.

(माठाचा पृष्ठभाग, अगदी जवळून. बारीक ओलसर ठिपके.)

कुंभार माती मळताना तिच्यात भुसा किंवा लीद मिसळतो. भट्टीत ते जळून जातं आणि मागे डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडून जातं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात पन्नास लिटरहून जास्त पाणी दहा अंशांनी गार होऊ शकतं.

आता दोन थर्मामीटर घेऊ. एक तसाच टांगायचा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळायचं आणि पंखा लावायचा. बाहेरची हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर फडक्यातला पारा २४ च्या आसपास येऊन थांबतो. माठाची धावही तिथपर्यंतच. त्याहून खाली तो जाऊ शकत नाही, पण तिथवर जवळपास पोचतो. मुंबईत हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असते तेव्हा हाच पारा २८ च्याही थोडा वरच अडतो. मुंबईला गेलेला विदर्भातला माणूस 'इथला माठ काही खरा नाही' म्हणतो, पण त्यात कुंभाराची काही चूक नसते. तिथल्या दमट हवेत पाणी उडून जायला फारशी जागाच नाही.

माठ घेताना एवढं बघाच: बाहेरून ऑइलपेंट दिलेला, फुलं-वेली काढलेला माठ घेऊ नका. दिसतो छान, पण रंगाने छिद्रं बुजतात. जड पाण्याच्या क्षारांनीही ती हळूहळू बुजतात, म्हणून जुना माठ पाझरेनासा होतो. आत हात किंवा उष्टा पेला बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर तोटीचा माठ घ्या. आणि दर दोन-तीन दिवसांनी तो आतून घासून धुवा. पाणी गार असलं म्हणजे स्वच्छ असतंच असं नाही.

(रस्त्याचं काम. गिट्टीच्या ढिगावर उन्हात पडलेली प्लास्टिकची बाटली.)

या बाटलीत दुपारी दोनला अजून अर्धं पाणी शिल्लक आहे. ज्या बाईची ती बाटली, ती सकाळी आठपासून घमेली उचलतेय. "ताई, पाणी का नाही पीत?" असं विचारलं तर म्हणाली, "तापलेलं पाणी घशाखाली उतरत नाही भाऊ."

एवढ्याशा वाक्यात शरीरशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. पाणी रक्तात पोचायला वेळ लागतो. तहान मात्र त्याच्या आधीच, तोंडात आणि घशात गारवा लागला की शमायला लागते. म्हणून कोमट पाणी थोडंच प्यायलं जातं, नकोसं होतं. अगदी बर्फाळ पाण्याचे चार घोट घेतले की उलट घडतं, तहान भागल्यासारखी वाटते आणि माणूस लवकर थांबतो. घाम गाळणाऱ्या माणसांसाठी क्रीडावैद्यकातले तज्ज्ञ साधारण १५ ते २१ अंशांचं पाणी सुचवतात, कारण तेवढ्या गारव्याचं पाणी माणूस आपणहून जास्त पितो.

माठातलं पाणी याच्या जरा वर असतं आणि फ्रिजमधलं बरंच खाली. अर्धा पेला माठातला, अर्धा फ्रिजमधला, हा हिशेब कुठल्याशा घरात कुणीतरी अंदाजाने बसवला असेल, पण तो अचूक आहे. पंचविसातलं आणि पाचातलं समसमान मिसळलं की बरोबर पंधरा.

अंग गार राहतं ते घामाने, आणि घाम म्हणजे माठाचंच काम. घामाला पाणी कमी पडलं की आधी लघवी पिवळी होते, उन्हाळी लागते, डोकं चढतं. पुढे माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारत वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

(बर्फाची लादी, गोणपाटात गुंडाळलेली.)

मुंबईत बर्फ आला तो १८३० च्या दशकात, अमेरिकेतल्या बोस्टनहून, जहाजात भुशात गुंडाळून. पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, तेव्हा यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली होती. गार खाल्लं की सर्दी होते, ही समजूत आजही आपल्या घरांत आहे. सर्दी होते ती विषाणूंमुळे. आधीच सुजलेला घसा थंड पाण्याने खवखवतो, एवढं खरं. थंड पाण्याने पोटातलं तूप गोठतं हे मात्र खरं नाही. पोटात गेलेलं पाणी थोड्याच वेळात अंगाइतकं ऊन होतं. त्यासाठी शरीर किती खर्च करतं? फ्रिजमधल्या अर्ध्या लिटरला साधारण सोळा कॅलरी, म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेइतकी. थंड पाणी पिऊन वजन उतरवायची आशा धरणाऱ्यांना एवढं सांगितलं तरी पुरे.

काहींनी बर्फाचं पाणी खरंच टाळावं. ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांचं डोकं त्याने उठू शकतं. ज्यांच्या अन्ननलिकेचं खालचं दार नीट उघडत नाही, त्यांना थंड घोट छातीत अडकल्यासारखा वाटतो. बाकीच्यांनी बर्फाच्या थंडपणापेक्षा तो कुठल्या पाण्याचा आहे याची काळजी जास्त करावी. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचं बंधन महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आणलं, ते याचसाठी.

(चहाची टपरी. बशीत ओतला जाणारा चहा.)

दुसऱ्या टोकाला कढत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून जास्त गरम पेयं 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली. धोका अन्ननलिकेला, आणि तो चहाचा किंवा पाण्याचा नाही, चटक्याचा. इराणच्या गोलेस्तान प्रांतात कढत चहा पिणाऱ्यांमध्ये हा धोका जास्त दिसला होता. आपल्याकडे बशीत चहा ओतून फुंकर मारणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण गावंढळ ठरवलं. बशी पसरट, त्यामुळे वाफ भराभर जाते आणि दोन मिनिटांत चहा पिण्याजोगा होतो. हे काम माठाचंच आहे.

सर्दीत ऊन पाणी प्यायलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. नाकातून जाणारी हवा मोजली तर ती तेवढीच भरते, पण आराम पडतो. आजारात आराम ही लहान गोष्ट नाही.

(पुन्हा रस्त्याचं काम. बाटलीवर ओलं फडकं.)

त्या ताईची बाटली आता सावलीत आहे. जुन्या बनियनचा तुकडा भिजवून तिच्यावर गुंडाळलाय, वाऱ्याकडे तोंड करून. प्लास्टिक पाझरत नाही, म्हणून फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं. अर्ध्या तासाने तिने बाटली तोंडाला लावली आणि एका दमात निम्मी केली. शेजारच्या मुकादमाने हळूच विचारलं, "माही बी बांधून द्या ना."

(जून. पडवीत पावसाचा आवाज.)

मृगाचा पहिला पाऊस झाला की आठवड्याभरात माठ पाझरतो, पण गार करत नाही. घरची बाई तो धुऊन उन्हात वाळवते आणि पोटमाळ्यावर उपडा घालते. तिवई मोरीत जाते. तिच्यावर आता बादली.