मॅन्युअल की ऑटोमॅटिक: कसोटी सहा मीटरच्या जागेत

(दृश्य: रस्त्याच्या कडेला उभ्या दोन गाड्या, मध्ये मोकळी जागा. तिसरी गाडी पुढे जाऊन थांबते, मागचा पांढरा दिवा लागतो.)

साडेचार मीटर लांबीची गाडी आणि सहा मीटरची जागा. पुढे-मागे मिळून मोकळं राहणार ते दीड मीटर. मॅन्युअल चांगली की ऑटोमॅटिक, या वादात चालक जी ठाम मतं मांडतात, त्यातली बरीचशी या जागेत शिरताना तपासून बघता येतात.

मॅन्युअल चालवणारे सांगतात, गाडी आपल्या ताब्यात राहते. क्लच पायाखाली असला की ती वीतभर पुढे, वीतभर मागे करता येते. ऑटोमॅटिक स्वतःच सरकायला लागते. ऑटोमॅटिकवाल्यांचं म्हणणं असं, की डाव्या पायाचं काम गेलं, तेवढं लक्ष आरशांना मिळतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त पार्किंगमध्ये नेमकं काय अवघड असतं, ते या भांडणात बाजूलाच राहतं.

अवघड असतो तो वेग. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन वेढे फिरतं, म्हणजे सरळ चाकांपासून फुल लॉकपर्यंत, चाकं पूर्ण वळेपर्यंत, दीड वेढा. सराईत हातालाही त्याला दोनेक सेकंद लागतात. गाडी ताशी सहा किलोमीटरने मागे येत असेल तर तेवढ्या वेळात ती तीन मीटरहून जास्त सरकते. अर्धी जागा संपली, आणि चाकं आत्ता कुठे वळली! तोच वेग ताशी दोन किलोमीटर असेल तर गाडी जेमतेम एक मीटर सरकते आणि वळण जिथे हवं तिथे सुरू होतं. आता अडचण अशी, की पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडला तर रेस न देताही बहुतेक गाड्या ताशी पाच ते आठ किलोमीटरने चालतात. गिअरबॉक्स कुठलाही असो, इंजिनाला जितकं हळू जाता येतं त्याच्याही खाली वेग आणावा लागतो. मॅन्युअलमध्ये ते काम क्लच करतो, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक.

(दृश्य: क्लचचे सुटे भाग. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग.)

इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट या दोघांच्या चिमट्यात क्लच प्लेट असते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग डायफ्राम स्प्रिंगवर रेटा देतं, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट सुटी होते. पेडल हळूहळू वर सोडताना एका ठिकाणी प्लेट घासत घासत पकड घेऊ लागते. हाच हाफ क्लच. तो कळतो कानाला आणि पायाला: इंजिनाचा आवाज किंचित दबतो, आरपीएमचा काटा जरासा उतरतो, गाडीत बारीक थरथर जाणवते.

ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, आणि प्लेट झिजत जाते तशी बदलूही शकते. म्हणून अनोळखी गाडी अरुंद जागेत घालण्याआधी मोकळ्या, सपाट ठिकाणी एक सराव करावा. पहिला गिअर टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, क्लच गाडी हलेपर्यंत सोडायचा, तिथेच धरायचा आणि पुन्हा दाबायचा. नंतर हेच रिव्हर्समध्ये. पेडल दाबताना टाच उचलली तरी हरकत नाही, पण सोडण्याच्या शेवटच्या टप्प्यात ती खाली टेकलेली असू द्या. अख्खा पाय हवेत धरून मिलिमीटरचा हिशेब जमत नाही, घोट्याने जमतो. डिझेल इंजिन कमी आरपीएमलाही चांगलं ओढतं म्हणून सहसा बंद पडत नाही. लहान पेट्रोल इंजिनाला कधी कधी थोडी रेस लागते.

इथेच मॅन्युअलवाल्यांची सगळ्यात महागडी सवय दिसते. गाडी बंद पडू नये म्हणून रेस वाढवून ठेवायची आणि वेग आवरायला क्लच अर्ध्यावर धरायचा. प्लेट घासते, तापते, जळका वास येतो. सपाट जागेवर काही सेकंदांचा हाफ क्लच तिला सहज सोसतो. चढावर रिव्हर्स घेताना रेस आणि हाफ क्लच यांच्यावर गाडी तोलून धरणं मात्र तिला मारक आहे; तिथे हँडब्रेक ओढून थांबावं आणि पकड आली की सोडावा. प्लेट स्लिप होते आहे का, हे तपासायची जुनी पद्धत अशी: समोर मोकळी जागा बघून गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, फूटब्रेक दाबून धरायचा, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू पूर्ण सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक आहे. चालूच राहिलं तर प्लेट पकडत नाही. खात्री करायला ही चाचणी एकदाच पुरते. वारंवार केली तर प्लेटचं नुकसानच होतं.

(दृश्य: ऑटोमॅटिक गाडीत चालकाचा उजवा पाय, जवळून.)

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल फेकतो, समोरचा पंखा त्या माऱ्याने फिरतो. उभ्या गाडीत इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, असलं तरी थोडा जोर पलीकडे पोचतोच, म्हणून ब्रेक सोडताच गाडी सरकू लागते. मॅन्युअलवाले ज्याला बेताबी म्हणतात, तीच पार्किंगची खरी सोय आहे. घसरण तेलात होते, प्लेट झिजत नाही, आणि उष्णता तेलाबरोबर कूलरकडे जाते. मिनिटभर गाडी ताशी दोन किलोमीटरने रांगवली तरी काही बिघडत नाही. सपाट जागेवर नियम एकच: पाय ब्रेकवरच ठेवायचा आणि तो कमी-जास्त दाबत गाडी सरकू द्यायची. अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्शही नको.

हा नियम मोडला की काय होतं, ते नीट बघण्यासारखं आहे. रिव्हर्स घेताना चालक मागे वळून बघतो. कंबर फिरते, तिच्याबरोबर मांडी फिरते आणि टाच नकळत जागेवरून सरकते. ब्रेक दाबतोय अशा समजुतीने पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडतो. गाडी उसळी घेते आणि घाबरलेला माणूस 'ब्रेक' आणखी जोरात दाबतो. मॅन्युअलमध्ये दचकलेला डावा पाय बहुधा क्लचही दाबतो आणि चाकांचा जोर तुटतो. ऑटोमॅटिकमध्ये ही दुसरी सुटका नसते. मॅन्युअलच्या बाजूने जे काही बोललं जातं, त्यात हा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. उपाय टाचेत आहे: टाच ब्रेकच्या समोर रोवायची, अ‍ॅक्सिलरेटर लागलाच तर पंजा तिरपा करायचा, आणि मागे वळण्याआधी एकदा ब्रेक दाबून पाय कुठे आहे याची खात्री करायची.

दोन्ही प्रकारच्या गाड्या आलटून पालटून चालवणाऱ्यांची गफलत वेगळीच असते. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय सवयीने क्लच शोधतो, त्याला रुंद ब्रेक सापडतो, आणि क्लचच्या जोराने ब्रेक दाबला गेला की गाडी जागच्या जागी आपटल्यासारखी थांबते. डावा पाय पहिल्यापासून बाजूच्या फूटरेस्टवर टेकवून ठेवला की हे टळतं. उलट, ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर येणारा गाडी थांबवताना क्लच दाबायला विसरतो आणि गचका देऊन गाडी बंद पाडतो.

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली किती वेगवेगळी यंत्रं येतात, हेही बघायला हवं. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि तोच क्लच; फक्त पेडल आणि लिव्हरचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. काही एएमटी गाड्या ब्रेक सोडल्यावर आपोआप सरकतात, काही अ‍ॅक्सिलरेटर दिल्याशिवाय हलत नाहीत, आणि हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसेल तर मागेही येतात. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गिअर झटपट पडतात, पण कोरड्या, म्हणजे तेलात नसलेल्या, क्लचची डीसीटी चढावर रांगवली तर तापते, अगदी मॅन्युअलसारखी. विजेवरच्या गाडीत आयडल हा प्रकारच नाही. आपोआप सरकणं तिथे सॉफ्टवेअर ठरवतं आणि काही गाड्यांत ते बंदही करता येतं. तेव्हा नवी गाडी हातात आली की सपाट जागेवर डी (पुढे) आणि आर (मागे) टाकून, ब्रेक सोडून ती काय करते ते आधी बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

'ऑटोमॅटिक जास्त पेट्रोल पितं' हे मत जुन्या तीन-चार गिअरच्या ऑटोमॅटिकवरून रुजलं आणि त्या काळी ते बरोबरच होतं. तेलात सतत घसरण व्हायची. पुढे दोन्ही पंखे थेट जोडून घसरण थांबवणारा लॉक-अप क्लच आला, गिअर वाढले आणि तो फरक पुष्कळ कमी झाला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हायड्रा-मॅटिक, 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आलेला. त्यात 'पार्क' अशी वेगळी जागाच नव्हती. इंजिन बंद करून लिव्हर रिव्हर्समध्ये टाकला की गाडी अडकून राहायची.

(दृश्य: वरून घेतलेलं चित्रण. समांतर पार्किंग, टप्प्याटप्प्याने.)

आता प्रत्यक्ष जागेत शिरू. दोन गाड्यांमध्ये उलटंच शिरायचं, कारण वळतात ती पुढची चाकं. मागचा भाग आधी कडेला नेऊन ठेवला की पुढचा भाग त्याच्याभोवती फिरून आत येतो. तोंडाने शिरलात तर शेपूट रस्त्यावर राहते.

जागा गाडीच्या दीडपट लांब असेल तर शिकणाऱ्यालाही जमावं. पुढच्या गाडीला समांतर थांबायचं, मधलं अंतर दोन ते तीन फूट, दोन्ही गाड्यांचे मागचे बंपर एका रेषेत. आजूबाजूला बघून गाडी हलवायची आणि हलती असतानाच स्टिअरिंग कडेच्या बाजूला पूर्ण फिरवायचं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पिळलं की टायर एकाच जागी घासतो आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. रस्त्याकडच्या आरशात मागच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट दिसू लागले की गाडी साधारण पंचेचाळीस अंशांत आली. चाकं सरळ करून मागे यायचं, आपल्या पुढच्या बंपरचा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरच्या पार होईपर्यंत. तो सुटला की स्टिअरिंग उलट बाजूला पूर्ण. शेवटी कडेपासूनचं अंतर फूटभराच्या आत असावं.

चुकतं ते बहुधा या मधल्या सरळ टप्प्यात. तो लांबला तर मागचं चाक कडेला आपटतं; लवकर संपवला तर पुढचा कोपरा शेजारच्या बंपरला घासतो. गाडी आत गेली पण कडेपासून हातभर लांब राहिली, तर कोन कमी पडला होता. अशा वेळी आतल्या आत पुढे-मागे करत बसू नये. पूर्ण बाहेर येऊन पुन्हा सुरुवात केली तर वेळ कमी जातो, आणि मागचा चालक हॉर्न वाजवत असला तरी तेच करावं.

कॅमेऱ्याने हे काम सोपं केलं आहे, पण त्याची भिंग रुंद दृश्य दाखवते, त्यामुळे मागची वस्तू आहे त्याहून लांब भासते. सेन्सरला बारीक खांब आणि बुटके दगड चुकतात. 2003 साली जपानमध्ये टोयोटाच्या प्रियसमध्ये स्वतः स्टिअरिंग फिरवून पार्क करणारी यंत्रणा आली. तिच्यातही वेग चालकाच्याच पायाकडे होता: ब्रेकने गाडी रांगवायची, वेग वाढला तर यंत्रणा काम सोडून द्यायची.

(दृश्य: उतारावर उभी गाडी. लिव्हर पार्कवर जातो.)

गाडी जागेत आली तरी उतारावर काम उरतं. ऑटोमॅटिकच्या 'पी'मध्ये गाडीला अडवतो तो गिअरबॉक्समधला एक छोटा खटका, दातेरी चक्रात अडकणारा. लिव्हर थेट पीवर टाकून ब्रेक सोडला की गाडीचा सगळा भार त्या खटक्यावर येतो आणि निघताना लिव्हर 'खट्' करून कसाबसा सुटतो. क्रम असा ठेवा: फूटब्रेक दाबलेला, लिव्हर एनवर (न्यूट्रल), हँडब्रेक ओढायचा, फूटब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची, पुन्हा फूटब्रेक दाबून मग पी. मॅन्युअलमध्ये हँडब्रेकबरोबर गिअर टाकून ठेवायचा, चढाकडे तोंड असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिकची सवय लागलेला चालक गाडी न्यूट्रलमध्येच सोडून जातो, तो इथे. पुढची चाकं वळवून ठेवणं दोघांनाही लागू आहे. उताराकडे तोंड असेल तर चाकं फूटपाथच्या दिशेने. चढाकडे तोंड आणि कडेला उंच फूटपाथ असेल तर रस्त्याच्या दिशेने, म्हणजे गाडी मागे सरकलीच तर पुढचा टायर फूटपाथला टेकून थांबेल. फूटपाथ नसेल तर दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेकडे.