वंशावळीचं पान

(दृश्य : टाइपच्या केसवर, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या खणांच्या ट्रेवर, फिरणारे हात, जवळून)

हे हात एका कुत्र्याचं घराणं जुळवताहेत.

डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजव्या चिमटीत शिशाचा खिळा, म्हणजे एका अक्षराचा ठसा. अक्षर उलटं, ओळ उलटी; पण खिळे जुळवणारे काका ती सरळ असल्यासारखी वाचत जातात. आपल्या जर्मन शेफर्ड क्लबाचा अंक एके काळी असाच निघायचा. पेठेतल्या या छापखान्यात टाइपच्या केस कधीच्याच बंद पडल्या होत्या. आपल्या चित्रणासाठी काकांनी त्यांच्यावरची धूळ झटकली.

मजकूर जुळवणं त्यांना कधीच जड गेलं नाही. घाम काढायचं ते वंशावळीचं पान. चार पिढ्या म्हणजे 30 पूर्वज : आधी 2, मग 4, मग 8, मग 16. प्रत्येक नावाला पितळी रुळाची चौकट. रूळ जरासा सरकला की एकाचा आजोबा दुसऱ्याच्या घरात! त्यात जर्मन शेफर्डची नावं. जवळजवळ प्रत्येक नावात ‘फॉन’ नाहीतर ‘फोम’, आणि इंग्रजी अक्षरांत दोन्हींची सुरुवात व्हीने. एरवीच्या मजकुरात व्ही फारसा लागत नाही, म्हणून केसमध्ये त्याचे खिळे मोजकेच. ते संपले की अर्धी वंशावळ तशीच ठेवून आधीचं पान छापून मोकळं करायचं, खिळे परत खणांत टाकायचे आणि मग उरलेले पणजोबा जुळवायला घ्यायचे.

(दृश्य : रुळांच्या चौकटीवर शाईचा रोलर, मग ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र)

एवढा खटाटोप कशासाठी? या जातीचा पायाच मुळी नोंद आहे. 1899 साली माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मनीत जर्मन शेफर्डची संस्था काढली आणि होरांड फॉन ग्राफराथ हा कुत्रा नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर चढला. कुणाचा बाप कोण, कुणाच्या नितंबाच्या सांध्याचा एक्स-रे स्वच्छ आला, कुणाचा नाही, हे माहीत असल्याशिवाय जोडी लावायची कशी? आपल्याकडे ही माहिती घरोघरी पोचायची ती अंकातून. पिल्लू घ्यायला निघालेला माणूस आधी जुने अंक काढून बसायचा.

(दृश्य : भिंगाखाली जुना फोटो, ठिपके)

हा फोटोचा ब्लॉक. जस्ताचा पत्रा तेजाबात घालून ठिपके उठवायचे आणि तो लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. साध्या कागदावर ठिपके बुजत, म्हणून सगळे फोटो मधल्या गुळगुळीत आर्ट पेपरच्या चार पानांवर. तरी काळ्या पाठीचा कुत्रा आणि मागचं झाड एकमेकांत मिसळायचं ते मिसळायचंच. हा विजेता कुत्रा आहे, हे फोटोखालच्या ओळीवर विश्वास ठेवूनच मानायचं.

(दृश्य : जुना संगणक, बटर पेपर)

मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पान जुळवणं, आलं. पान मांडायला पेजमेकर, मराठी अक्षरांना श्रीलिपी, बटर पेपरवर लेझर प्रिंट, त्यावरून छपाईची प्लेट आणि ऑफसेट छपाई. वंशावळीची चौकट एकदा आखली की दर अंकात फक्त नावं बदलायची. काकांचं काम इथेच संपलं.

(दृश्य : सीडी ड्राइव्हमध्ये जाते, पडद्यावर अगम्य चिन्हं)

ही त्या काळातल्या अंकांची सीडी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. आज फाइल उघडलीच तर जुना फॉन्ट सापडत नाही, मराठी मजकुराचा नुसता काला होतो. त्याआधीचा, शिशाने छापलेला अंक मात्र हा इथे टेबलावर आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पिना गंजल्यात, पण 30च्या 30 नावं वाचता येतात.

(दृश्य : टेबलावर प्रुफं, दोघं जण)

आता फाइल युनिकोडमध्ये, प्रूफ फोनवर. वंशावळ नोंदणीच्या कागदावरून थेट उचलता येते, व्हीची टंचाई नाही. वाढलाय तो कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक, 15 आकडी. एक आकडा चुकला की तो कुत्रा आपला राहत नाही. म्हणून अजूनही एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं. ही पद्धत काकांच्याच काळातली.

(दृश्य : पत्त्यांच्या चिठ्ठ्या, सुतळी, गठ्ठे)

पूर्वी अंक छापून आला की पिनकोडप्रमाणे गठ्ठे लावायचे. वेष्टनाची दोन्ही टोकं उघडी ठेवून बुकपोस्टाने रवाना. वर्तमानपत्रांना मिळणारा टपालाचा सवलतीचा दर आपल्याला कधी लागलाच नाही. त्यासाठी दोन अंकांत 31 दिवसांहून जास्त अंतर चालत नसे आणि आपलं पडलं त्रैमासिक. पुढे टपाल महागलं, कागद महागला, आणि अंक पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर आला. खर्च वाचला, रंगीत फोटो हवे तेवढे झाले. काही जुन्या सभासदांशी संपर्क तुटला.

(दृश्य : पुन्हा ट्रेडल, कागद उचलणारा हात)

पीडीएफ चालूच राहील. संपादक मंडळाचं म्हणणं एवढंच की वर्षातून एक अंक कागदावर निघावा : वर्षभरातल्या वंशावळी, एक्स-रेचे निकाल आणि मधली चार पानं फोटोंची. छापील प्रत हवी असेल त्यांनी पूर्ण पत्ता पिनकोडसह कळवावा. घरात जुने अंक असतील तर स्कॅनिंगसाठी द्यावेत, परत मिळतील. फक्त पिना काढून पानं सुटी करू नका. ते आम्ही करू.