नोंदीसाठी केलेली चौकशी

श्रोतेहो, नमस्कार. मोठी दुर्घटना घडली की चौकशीची मागणी होते, आयोग नेमला जातो, आणि त्याचा अहवाल कपाटात धूळ खात पडणार असे आपण आधीच धरून चालतो. मग ही चौकशी हवी कशाला, या प्रश्नासाठी मी आज वेल्समधल्या ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावाविषयी बोलणार आहे.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सकाळी सव्वानऊच्या सुमारास मुले नुकतीच वर्गात बसली असताना, डोंगरावर रचलेला खाणीतल्या टाकाऊ मालाचा सात क्रमांकाचा ढिगारा पाण्याने भिजून घसरला आणि पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर कोसळला. १४४ जीव गेले, त्यांत ११६ मुले होती. मृत्यूंच्या न्यायिक तपासणीत एका पित्याने मागणी केली, की माझ्या मुलाच्या मृत्यूचे कारण ‘राष्ट्रीय कोळसा मंडळाने जिवंत पुरले’ असे नोंदवा. त्या बापाला नोंद हवी होती, आणि सार्वजनिक चौकशीचे पहिले प्रयोजन मला त्याच्या या मागणीतच दिसते.

मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स सुरुवातीला सांगत होते की ढिगाऱ्याखालचे झरे कोणाला ठाऊक नव्हते. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणाने ७६ दिवस उघड सुनावणी घेतली, १३६ साक्षी नोंदवल्या, आणि ते झरे जुन्या नकाशांवरही दाखवलेले होते, हे समोर आले. त्याहून जिव्हारी लागणारा कागद म्हणजे जुलै १९६३ चे, नगर अभियंत्याचे पत्र. त्याचा विषयच होता, पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाचा धोका. तीन वर्षे आधी लिहिलेले हे पत्र गावासमोर उघडपणे तपासले गेले, आणि ज्यांची मुले गेली त्यांना ‘दैवाचा घाला’ म्हणून गप्प बसवणे कोणालाही शक्य राहिले नाही.

ऑगस्ट १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दोष मंडळाच्या माथी ठेवला. तरीही कोणावर खटला झाला नाही, कोणाची नोकरी गेली नाही, आणि याची चीड गावाला आली ती रास्तच होती. चौकशी म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे, हे खरे. आपल्या १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसारही आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र अहवाल आणि त्यावर काय केले याचे निवेदन सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावे लागते, आणि ही मुदत पाळली जाते का, हे नागरिकांनी विचारत राहिले पाहिजे.

ॲबरफॅनच्या अहवालातून १९६९ मध्ये अशा ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. गावावर उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चासाठी मात्र लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड घेतले गेले. ती रक्कम सरकारने गावाला परत केली १९९७ मध्ये, तीही व्याजाशिवाय.