काजव्यांच्या तालावर सेन्सर

थायलंडच्या कांदळवनात नदीकाठच्या झाडांवर हजारो काजवे एकदम लुकलुकतात आणि एकदम विझतात. त्यांच्यात कोणी म्होरक्या असतो का? जॉन आणि एलिझाबेथ बक या दांपत्याने साठच्या दशकात पकडलेले काजवे बँकॉकच्या हॉटेलातल्या अंधाऱ्या खोलीत सोडून दिले. आधी दोघं-तिघं एका लयीत आले, मग त्यांच्या शेजारचे. म्होरक्याची गरजच नव्हती.

1990 मध्ये रेनाटो मिरोलो आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी याचं गणित मांडलं. प्रत्येकाच्या आत एक घड्याळ भरत जातं, भरलं की चमक, आणि पुन्हा शून्य. दुसऱ्याची चमक दिसली की आपलं घड्याळ किंचित पुढे ढकलायचं. बस, एवढाच नियम! सगळे सारखे असतील आणि सगळ्यांना सगळे दिसत असतील, तर जवळजवळ कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी सगळे एकत्र चमकतात, हे त्यांनी सिद्ध केलं.

आता बॅटरीवर चालणारे सेन्सर घ्या, म्हणजे आजूबाजूचं काही मोजून रेडिओवरून एकमेकांना कळवणारी छोटी उपकरणं. रेडिओ सतत चालू ठेवला तर बॅटरी बघता बघता संपते, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी जागं होऊन एकाच वेळी झोपणं फायद्याचं. हे काम काजव्यांचा नियम करील असं वाटतं. पण रेडिओ म्हणजे काजवा नव्हे. काजव्याची चमक दिसायला वेळ लागत नाही. रेडिओचा संदेश मात्र हवेतली वाट मोकळी होईपर्यंत थांबतो, आणि किती थांबेल याचा नेम नाही. शिवाय सगळे एकदम बोलले तर कोणाचंच ऐकू येत नाही, म्हणजे ताल जुळला की गोंधळ वाढणार! हार्वर्डच्या गटाने 2005 मध्ये यावर तोड काढली. संदेशाला लागलेला उशीर मोजायचा, एका फेरीत ऐकलेलं सगळं जमा करायचं आणि त्याचा हिशेब पुढच्या फेरीत चुकता करायचा. खऱ्या उपकरणांवर ताल 100 मायक्रोसेकंदांपर्यंत जुळला. मला यात काजव्यांपेक्षा ही तडजोड जास्त मोलाची वाटते.

पुढे 2007 मध्ये हार्वर्डमध्येच हा नियम उलटा फिरवला गेला. प्रत्येकाने आपल्या आधी आणि नंतर बोलणाऱ्याच्या बरोबर मध्ये सरकायचं. मग सगळ्यांच्या पाळ्या आपोआप समान अंतरावर पडतात, कोणी वेळापत्रक वाटत नाही.

 

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 2005 मध्येच हार्वर्डच्या गटातल्या काहींनी इक्वाडोरच्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर 16 सेन्सर 19 दिवस ठेवले होते. तिथे त्यांनी काजव्यांचा नियम वापरला नाही. भूकंपलहर एका सेन्सरपाशी कधी आली आणि दुसऱ्यापाशी कधी, हे ताडून पाहायला खरी वेळ लागते. काजवे एकत्र चमकतात, पण किती वाजले ते त्यांना ठाऊक नसतं. म्हणून तिथे एक सेन्सर वेळ सांगे, ती एकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि जीपीएसशी तिचा मेळ घातला जाई. तीही पद्धत मधूनच बिघडली, आणि चुकीच्या वेळा नंतर हिशेब करून दुरुस्त कराव्या लागल्या.